मद्यपी चालक आणि राज्याचे कर्तव्य : गृहमंत्र्यांस अनावृत पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांसी,



हे पत्र आपणांस उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या विषयासंबंधी ते आहे तो कोणा एका फिर्यादीचा खासगी विषय नसून या राज्यात दिवस मावळल्यावर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जीविताचा आहे, आणि त्याची चर्चा मंत्रालयातील दप्तरांत जितकी व्हावी तितकीच गावच्या पारावरही व्हावी अशी माझी इच्छा आहे. मद्यप्राशन करून वाहन चालविणाऱ्यांच्या हातून होणारे मृत्यू आणि त्यांतून येणारे पंगुत्व, हा तो विषय. या बाबतीत शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायदा झाला आहे, दंड वाढले आहेत, यंत्रे खरेदी झाली आहेत आणि वर्षअखेरीच्या रात्री शहराशहरांतून पोलीस जागत उभे राहतात, हे सर्वांना दिसते. तथापि इतक्या प्रयत्नांनंतरही जे फळ हाती यावयाचे ते येत नाही, याचे कारण माझ्या मते असे की आपला सारा भर सापडलेल्या माणसाला किती कठोर शासन करावे यावर पडला आहे, आणि पिऊन निघालेला माणूस सापडल्यावाचून राहणार नाही अशी खात्री निर्माण करण्याचे काम मागे पडले आहे. हे पत्र त्या खात्रीसाठी आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातील होती. म्हणजे या राज्यात दररोज चाळिसांहून अधिक घरांत अपघाती मृत्यूची वार्ता पोहोचली. त्याच अहवालात दारू वा अन्य अमली पदार्थांच्या सेवनाने झालेल्या अपघातांतील मृत्यूंची संख्या मात्र संपूर्ण देशासाठी सुमारे ४,२०० एवढीच दिली असून ती एकूण मृत्यूंच्या शेकडा अडीच भरते, तर शेकडा सत्तरांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती जमा आहेत. हा अडीच टक्क्यांचा आकडा वाचून एखाद्या सज्जन अधिकाऱ्याच्या मनात असा विचार येणे शक्य आहे की दारूचा प्रश्न वास्तविक लहान आहे आणि आपण आपली शक्ती वेगाच्या नियंत्रणावरच खर्चावी. परंतु ज्याने प्यालेल्या माणसाला वाहन चालविताना पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही की वेग हा पुष्कळदा त्या पेल्याचाच परिणाम असतो; मद्य प्रथम विवेक हिरावून घेते, अंतराचा अंदाज चुकविते, समोरून येणाऱ्या दिव्याला प्रतिसाद देण्यास लागणारा अवधी लांबविते आणि त्याच वेळी आपण उत्तम चालवीत आहोत असा विश्वास देते. अपघाताच्या कागदावर वेग नोंदला जातो, कारण तो वाहनाच्या चुराड्यावरून दिसतो. दारू नोंदली जात नाही, कारण ती शोधावी लागते आणि ती शोधण्याचा शिरस्ताच आपल्याकडे पडलेला नाही.

हा शिरस्ता का पडलेला नाही, हे मुंबईत बसून कळणार नाही, यासाठी तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात रात्री काय घडते ते मी जवळून पाहिले आहे तसे सांगतो. बाजारचा दिवस असतो, रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात, आणि मोटारसायकलवरून पडलेल्या वा उसाच्या ट्रॉलीवर आदळलेल्या माणसाला कोणीतरी जीपमध्ये घालून आणलेले असते. वैद्यकीय अधिकारी एकटा असतो. तो रक्त थांबवितो, डोक्याला टाके घालतो, शिरेत सलाईन लावतो आणि केसपेपरवर जखमांच्या वर्णनाखाली ‘तोंडास दारूचा वास’ एवढे लिहितो. रक्ताचा नमुना घ्यावयाचा तर पोलिसांचे पत्र हवे, पोलीस ठाणे वीस किलोमीटरांवर, आणि अपघाताची जागा नेमकी कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते याची विचारणा फोनवर चाललेली असते. तेवढ्यात रुग्णाची शुद्ध हरपते म्हणून त्याला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी हलविले जाते. दुसऱ्या वाहनाचा चालक, ज्याला खरचटलेसुद्धा नव्हते, तो केव्हाच घरी गेलेला असतो. सकाळी पंचनामा होतो, जागेचे मोजमाप होते, टायरांच्या खुणा लिहिल्या जातात आणि फिर्यादीत वर्षानुवर्षे चालत आलेला मजकूर उतरतो : आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालविले. केसपेपरवरचे ते तीन शब्द पंचनाम्यापर्यंत येत नाहीत, पंचनाम्यातून जिल्ह्याच्या तक्त्यात जात नाहीत, आणि वर्षअखेरीस दिल्लीच्या अहवालात शेकडा अडीच हा आकडा छापला जातो. यात त्या डॉक्टराचा दोष नाही आणि त्या हवालदाराचाही नाही. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेले काम केलेले असते, आणि जे काम कोणाच्याच पुढे ठेवलेले नाही ते राहून गेलेले असते.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असताना वाहन चालविणे हा अपराध आहे. २०१९ च्या सुधारणेने पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढील अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली, आणि श्वासविश्लेषक यंत्राच्या जोडीला प्रयोगशाळेतील परीक्षाही पुरावा म्हणून स्पष्टपणे ग्राह्य धरली. कलम २०२ असे सांगते की या अपराधासाठी अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे, न झाल्यास त्याची सुटका केली पाहिजे. या दोन तासांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा अशी माझी विनंती आहे. मनुष्याचे शरीर रक्तातील मद्य साधारणपणे १०० मिलिलिटरमागे ताशी १५ मिलिग्रॅम या गतीने नाहीसे करीत असते. म्हणजे दोन तासांत सुमारे ३० मिलिग्रॅम, जी नेमकी कायद्याने आखलेली मर्यादा आहे. ज्याच्या रक्तात अपघाताच्या क्षणी ६० मिलिग्रॅम मद्य होते, म्हणजे अनुज्ञेय प्रमाणाच्या दुप्पट होते, तो दोन तासांनी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरण्याच्या बेतात येतो, आणि चार तासांनी त्याचे रक्त कोणत्याही सभ्य गृहस्थाच्या रक्ताहून वेगळे दिसत नाही. अन्य बहुतेक अपराधांत पुरावा नष्ट करण्यासाठी अपराध्याला काहीतरी खटपट करावी लागते. या अपराधात त्याने केवळ थांबावयाचे असते, आणि हद्दीची विचारणा, पत्राचा तगादा व वाहनाची अनुपलब्धता या रूपांनी आपली यंत्रणा त्याच्यासाठी थांबण्याची सोय करून देते.

रक्त घेण्याची रीतही आपल्या राज्यात फार पूर्वी लिहून ठेवलेली आहे. मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्तपरीक्षा) नियम १९५९ सालचे आहेत. नमुना कसा घ्यावा, कुपीत कोणता परिरक्षक घालावा, मोहोर कशी लावावी आणि कोणत्या नमुन्याच्या पत्रासह तो परीक्षकाकडे धाडावा, हे सर्व त्यांत आहे. कातडी स्पिरिटने पुसली तर नमुना वादग्रस्त होतो, कुपीत सोडियम फ्लोराइड नसेल तर रक्तात आंबण्याची क्रिया होऊन आकडा बदलू शकतो, आणि मोहोर फुटलेली निघाली तर बचावाच्या वकिलाला दुसरे काही बोलावेच लागत नाही. मुंबईच्या कालिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील प्रादेशिक प्रयोगशाळा हे नमुने तपासतात, आणि त्या आपल्याच खात्याच्या अधीन आहेत. म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरावीक संख्येने तयार कुप्या, लेबले व मोहोरेचे साहित्य असावे, आणि अपघातातील चालकाचा नमुना घेण्यास डॉक्टराला पोलिसांच्या पत्राची वाट पाहावी लागू नये असा स्थायी हुकूम गृह व आरोग्य या दोन खात्यांनी मिळून काढावा. हा खर्च मोठा नाही; पण त्याच्या अभावी कोसळणारे खटले मोठे आहेत.

शहरांची स्थिती याहून पुष्कळ बरी आहे हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून मद्यपी चालकांविरुद्ध सातत्याने मोहीम चालविली, आणि पार्टीला गेलेल्या मंडळींत परतताना गाडी कोणी चालवावयाची याचा विचार आधी करण्याची सवय त्या मोहिमेने पुष्कळ अंशी लावली. शासनाच्या प्रयत्नाने समाजाचा आचार बदलतो याचे ते आपल्याच भूमीतील उदाहरण आहे. पण या मोहिमेचे स्वरूप जवळून पाहिले की तिची मर्यादाही दिसते. लोखंडी अडथळे लावलेले असतात, पिवळा दिवा फिरत असतो, हवालदार खिडकीशी वाकून चालकाशी दोन शब्द बोलतो, बोलण्यात अडखळ किंवा श्वासाला वास आला तरच नवी नळी लावून यंत्र पुढे करतो आणि ‘जोरात फुंका’ असे सांगतो. जो सराईत आहे, ज्याला चार पेल्यांनंतरही जीभ ताब्यात ठेवता येते, तो ‘नमस्कार साहेब’ म्हणून पुढे निघून जातो. शिवाय ही नाकाबंदी ३१ डिसेंबरला, धुळवडीला, श्रावणाच्या तोंडावर गटारी अमावास्येला आणि शनिवारच्या रात्री असणार हे सर्वांना ठाऊक असते. कोणत्या चौकात असणार तेही ठाऊक असते, आणि नसेल तर मोबाइलवर क्षणात कळते. मंगळवारी रात्री अकरा वाजता जिल्हा मार्गावरच्या ढाब्यातून निघणाऱ्या टेम्पोचालकाला मात्र आयुष्यात कधी त्या यंत्रात फुंकावे लागलेले नसते.

पोलिसांना संशयावर विसंबावे लागते, याचे मूळ कायद्यातच आहे. कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला श्वासाचा नमुना मागण्याचा अधिकार आहे, पण त्या माणसाने कलम १८५ खालील अपराध केल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल तरच. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स या राज्याने १९८२ च्या डिसेंबरात ही अट काढून टाकली. कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही वेळी, कोणत्याही चालकाला थांबवून यंत्रात फुंकावयास सांगण्याचा अधिकार पोलिसांना दिला, आणि तो मोठ्या प्रमाणावर व लोकांच्या डोळ्यांदेखत वापरला. पहिल्या काही महिन्यांतच तेथील रस्त्यांवरील मृत्यू ठळकपणे घटले, आणि ही पद्धत पुढे ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक धोरणाचा कायमचा भाग झाली. तिचे मर्म असे की तीत कोणाचा अपमान नाही. न्यायाधीश, शेतकरी, डॉक्टर, रिक्षाचालक, आमदार, सर्वांनी सारखेच फुंकावयाचे, आणि ज्याच्या श्वासात काही नाही त्याने अर्ध्या मिनिटात पुढे जावयाचे. आपल्याकडे मोटार वाहनांचा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे विधिमंडळाने कलम २०३ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून तिला अनुच्छेद २५४ (२) अन्वये राष्ट्रपतींची अनुमती मिळविली, तर महाराष्ट्रात हे आजही करता येईल. अनेक बाबतींत देशाला वाट दाखविल्याचा अभिमान बाळगणाऱ्या या राज्याने ही दुरुस्ती प्रथम करावी.

कठोर शिक्षेचा आग्रह मी गौण का मानतो, तेही सांगतो. २००६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात माणसे मेली आणि आठ जखमी झाली. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्य आढळले होते. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांची केली, आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना असे म्हटले की ही शिक्षा फारच अपुरी आहे, पण शिक्षावाढीसाठी राज्याने अपीलच केलेले नसल्यामुळे तिचा विचार करता येत नाही. पुढे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला; मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप झाला, त्याला प्रथम तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, आणि पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. या दोन्ही प्रसंगी लोकक्षोभ उसळला, तो योग्यच होता, आणि दोन्ही वेळी मागणी अधिक कडक शिक्षेची होती. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेलीही आहे. परंतु शिक्षा ही अपघातानंतरची गोष्ट आहे. बारमधून उठलेला माणूस किल्ली हातात घेताना पाच वर्षांच्या कारावासाचा विचार करीत नाही, कारण आपल्या हातून माणूस मरेल हे त्याला त्या क्षणी खरेच वाटत नसते. त्याला वाटते ते इतकेच की आजवर शेकडो वेळा असाच घरी गेलो, आजही जाईन. पुढच्या वळणावर तपासणी असणारच, हा विचारच त्याचा हात आवरू शकतो. सौम्य पण अटळ शिक्षा माणसाला आवरते. भयंकर पण क्वचित होणारी शिक्षा त्याला आवरीत नाही.

आता थोडे राज्याच्या भूमिकेविषयी, कारण हे पत्र आपणांसच का लिहिले याचे उत्तर त्यात आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अद्याप जारी आहे. त्याप्रमाणे मद्य बाळगण्यास व पिण्यास आजही परवाना लागतो, बिअर व वाइनसाठी वयाची मर्यादा २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या राज्यातील मद्यविक्री हा खुला व्यापार नसून शासनाने अटींवर दिलेली सवलत आहे, आणि त्या सवलतीतून शासनाला मोठा महसूल मिळतो. जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढविताना मंत्रिमंडळाने वर्षाला आणखी १४,००० कोटी रुपयांची अपेक्षा ठेवली होती. मी संपूर्ण दारूबंदीची मागणी करीत नाही. ज्या गावांतील स्त्रियांनी उभी बाटली आडवी करण्यासाठी मतदान केले त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे. माझे म्हणणे इतकेच की जो विक्रीचा वाटेकरी आहे त्याने विक्रीच्या परिणामांचेही वाटेकरी असावे. शासकीय रचनेत परवाने देणारे राज्य उत्पादन शुल्क खाते, चालकांना अनुज्ञप्ती देणारे परिवहन खाते, रस्त्यावर उभे राहणारे पोलीस आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा हे सारे गृह विभागाच्याच छत्राखाली येतात, मग मंत्री निरनिराळे असोत. मद्य कोणत्या दुकानातून किती गेले, ते पिऊन कोण निघाला, त्याची अनुज्ञप्ती कोणती आणि त्याच्या रक्तात काय आढळले, हे चारही धागे एकाच विभागाच्या हाती असताना ते एकत्र विणले जात नाहीत, हे दुःखाचे आहे.

दुकानांच्या जागेविषयी सर्वोच्च न्यायालयाने एकदा धाडसी पाऊल टाकले होते. १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आतील मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. मग लहान वस्त्यांसाठी अंतर २२० मीटर झाले, ठिकठिकाणी महामार्गांचे दर्जे बदलून ते शहरी रस्ते ठरविण्यात आले, आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीतील दुकाने त्या हुकुमातून वगळली गेली. मूळ हेतूचे किती शिल्लक उरले हे आपल्या जिल्ह्यातील महामार्गावरून एका सायंकाळी प्रवास केल्यास दिसते. दुकान कोठे आहे याहून तेथून उठणारा माणूस कसा निघतो याची जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८८ प्रमाणे कलम १८५ च्या अपराधाला चिथावणी वा साहाय्य देणारा त्याच शिक्षेस पात्र आहे, पण हे कलम कोणी वापरल्याचे क्वचितच ऐकू येते. जपानमध्ये २००६ च्या ऑगस्टात फुकुओका येथे मद्यपी चालकाच्या धडकेने तीन लहान भावंडे मृत्युमुखी पडली, आणि पुढच्याच वर्षी तेथील कायद्याने वाहन चालविणाऱ्याला मद्य देणारा, त्याला गाडी देणारा आणि तो प्यालेला आहे हे जाणून त्याच्या गाडीत बसणारा, या तिघांनाही अपराधी ठरविले. परमिट रूमच्या परवान्यात अशी अट घालता येईल की दाराशी श्वासविश्लेषक यंत्र असावे, प्यालेल्या ग्राहकाची किल्ली ठेवून घेऊन त्याच्यासाठी रिक्षा वा टॅक्सी बोलावण्याची व्यवस्था असावी, आणि एकाच परमिट रूममधून निघालेले चालक वारंवार सापडले तर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचा विचार व्हावा. त्यासाठी पोलिसांनी सापडलेल्या प्रत्येक चालकाला शेवटचा पेला कोठे घेतला हे विचारून लिहून ठेवले तरी पुरे.

या साऱ्यात मेलेल्या माणसाच्या मागे काय राहते याचाही विचार व्हावा. पुष्कळदा मरणारा स्वतः चालकच असतो : दिवसभर कामावर राबलेला, वाटेत दोन घोट घेऊन मोटारसायकलवरून गावाकडे निघालेला, घरातील एकटा कमावता माणूस. त्याची स्वतःची चूक ठरल्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणात त्याच्या वारसांचा दावा टिकत नाही, आणि मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्यातून नशेत झालेला मृत्यू वगळलेला असतो. विधवेच्या हाती अंत्यविधीचे कर्ज आणि गाडीचे हप्ते एवढेच उरतात. मद्यपी चालकाला केवळ गुन्हेगार मानून चालणार नाही असे मी म्हणतो ते यासाठी. त्याला रस्त्यात थांबविणारा हवालदार पलीकडच्या पादचाऱ्याइतकेच त्याच्या घरच्यांचेही रक्षण करीत असतो.

या विचारांतून माझ्या पाच विनंत्या निघतात. पहिली, मृत्यू वा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात त्यातील सर्व चालकांच्या श्वासाची वा रक्ताची दोन तासांच्या आत तपासणी व्हावी, आणि पंचनाम्याच्या नमुन्यात तिच्यासाठी स्वतंत्र रकाना असावा. तपासणी झाली नसल्यास त्याचे कारण ठाणे अंमलदाराने सहीनिशी लिहावे. दुसरी, राज्यातील प्रत्येक पोलीस ठाण्याला चालू स्थितीतले आणि ठरावीक मुदतीने प्रमाणित केलेले यंत्र मिळावे, आणि तपासणी जागा व वेळ बदलत बाराही महिने चालावी. तिसरी, कलम २०३ मधील संशयाची अट काढण्यासाठी विधेयकाचा मसुदा विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावा. चौथी, कलम २०६ प्रमाणे जप्त झालेली अनुज्ञप्ती परिवहन कार्यालयाकडे जाऊन पहिल्या अपराधाला तीन महिन्यांची अपात्रता प्रत्यक्षात लागू होते की नाही, याचा मासिक ताळा पोलीस व परिवहन या दोन्ही खात्यांनी मिळून घ्यावा. पाचवी, किती जण सापडले याबरोबरच किती जणांची तपासणी केली हा आकडा ठाणेवार दरमहा प्रसिद्ध व्हावा, कारण केवळ सापडलेल्यांची संख्या पाहून काम वाढले की पिणारे वाढले हे कोणालाच सांगता येत नाही.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. मनुष्यबळ अपुरे आहे, असे म्हटले जाईल. परंतु एका ठाण्याने आठवड्यातून तीन रात्री, एक तासभर, वेगवेगळ्या तीन ठिकाणी चार माणसे उभी केली तरी त्या तालुक्यातील प्रत्येक चालकाच्या मनात शंका उत्पन्न होते, आणि शंका हेच येथे साधन आहे. लोकांना त्रास होईल, असेही म्हटले जाईल. अर्ध्या मिनिटाचा खोळंबा हा त्रास असेल तर तो सोसण्यास या राज्यातील समंजस माणूस तयार होईल, कारण त्याची मुलेही त्याच रस्त्याने शिकवणीहून घरी येतात. चिरीमिरीला वाव मिळेल हा आक्षेप खरा आहे, म्हणून तारीख, वेळ व अनुक्रमांक छापणारी आणि प्रत्येक फुंकरीची पुसता न येणारी नोंद ठेवणारी यंत्रेच वापरावीत, आणि यंत्रातील नोंदी व न्यायालयात गेलेली प्रकरणे यांचा मेळ वरिष्ठांनी दर महिन्याला घालावा.

महोदय, या राज्यातील पोलिसांनी कठीण प्रसंगी काय करून दाखविले आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या सामर्थ्यावर माझा विश्वास आहे. मागितलेल्या पाच गोष्टींपैकी एकीलाच विधिमंडळाचा कायदा लागतो; उरलेल्या चार आपल्या विभागाच्या शासन निर्णयांनी, आणि जेथे रुग्णालयांचा संबंध येतो तेथे आरोग्य खात्याच्या सहकार्याने, घडू शकतात. आपण हे पत्र वाचाल त्या दिवशीही महाराष्ट्रात चाळीस घरांत मृत्यूची वार्ता जाईल, आणि त्यांतील किती मृत्यू पिऊन चालविणाऱ्यांच्या हातचे होते हे आपल्या दप्तरातून कोणाला सांगता येणार नाही. निदान ते सांगता यावे यासाठी पहिला हुकूम, म्हणजे प्रत्येक गंभीर अपघातात चालकाच्या तपासणीचा, आपण विनाविलंब काढावा अशी कळकळीची विनंती आहे.

कळावे,

आपला नम्र,
महाराष्ट्राचा एक नागरिक